चोच आधी घासली की नंतर

अर्जदार: दत्तात्रय बापूराव ढोबळे, वय वर्षे बावन्न, धंदा अर्जनवीस, बैठक जिल्हा कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली, राहणार नंदनवन, नागपूर.

ज्यास अर्ज केला तो: किसन रामटेके, पूर्वी फौजेत हत्यारांचा मिस्त्री, नंतर शहरातील एका बंदुकांच्या दुकानात दुरुस्तीचे काम करणारा. चार दिवसांच्या तापाने वारला, त्यास आज एकवीस दिवस झाले.

साक्षीदार: एक, अर्जदाराचा धाकटा भाऊ मधुकर, राहणार कन्हान. दोन, शेख मिस्त्री, जो आता किसनच्या जागेवर बसतो. तीन, सदरहू रिव्हॉल्व्हर, आखूड नळीचे, पाच घरांचे, बत्तीस बोराचे, ज्याची साक्ष कोणत्याही कोर्टात नोंदवता येत नाही.

किसन, इथवर लिहिताना माझा हात नेहमीसारखा चालला. पंचवीस वर्षे मी हेच लिहीत आलो. पुढच्या रकान्यात 'तक्रारीचा थोडक्यात मजकूर' लिहावा लागतो आणि तिथे मी तीन दिवस अडून बसलो आहे. ही तक्रार आहे की आभार, हे ठरेना. कचेरीत दोन्हींसाठी कागद सारखाच लागतो, पण सुरुवात वेगळी करावी लागते.

मजकूर असा की, मागील सोमवारी मी रिव्हॉल्व्हर घेऊन तुझ्या दुकानी गेलो. गोळ्यांच्या पाच घरांची चरखी पुन्हा जड फिरत होती. तुझ्या स्टुलावर शेख मिस्त्री बसलेले होते. मूळ जबलपूरचे, वयाने तुझ्याएवढेच. त्यांनी रिव्हॉल्व्हर उघडलं, गोळ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या, घोडा मागे ओढून त्याचं टोक भिंगाखाली धरलं. घोड्याच्या टोकाला ती बारीक चोच असते, जी गोळीच्या बुडातल्या टोपीवर आपटते आणि बार उडतो, हे मी रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा आणलं तेव्हा तूच मला शिकवलं होतंस. शेख मिस्त्री बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाबूजी, ये तो चलेगाच नहीं."

मी म्हटलं, तेल वाळलं असेल.

"तेल की बात नहीं. चोंच काट दी है किसी ने. टोपी तक पहुँचतीच नहीं. आप खाली लोहा लेके घूम रहे हो."

मी म्हटलं, जुनं हत्यार आहे, झिजली असेल. त्यावर त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. झिजलेलं टोक गोल होतं, हे चपटं आहे, हे कानशीचे घाव आहेत, असं ते म्हणाले. मला दिसले ते. तीन तिरप्या रेघा, एकसारख्या, घाई न करता मारलेल्या. मी विचारलं, कधीचे असतील? शपथेवर सांगा. ते हसले. "कसम खाके इतनाच बोल सकता हूँ कि पुराना काम है, ऊपर जंग चढ़ गया है. पाँच साल, आठ साल, दस साल, ये खुदा जाने. मगर जिसने किया, सफाई से किया."

बारा वर्षांत ते रिव्हॉल्व्हर तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणी उघडलेलं नाही.

तू म्हणशील, मग तक्रार कसली? सांगतो. सांगायला मागे जावं लागेल, आणि मी नेहमीप्रमाणे लांबण लावतो असं तू म्हणशील. तुझ्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठी मी पाच पानी अर्ज लिहिला, तो तू माझ्यासमोर वाचलास आणि म्हणालास, "अबे मुन्शी, पोरीचं नाव चौथ्या पानावर येऊन राहिलं. तवरक मास्तर झोपून जाईन." चार ओळी ठेवून बाकीचं तू खोडलंस. दाखला मिळाला. मी मात्र महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. आपली मैत्री तिथून सुरू झाली.

नंदनवनच्या प्लॉटधारकांची तक्रार मी लिहिली, तेव्हा ज्याच्याविरुद्ध ती होती त्याने माणसं पाठवून मला धमकावलं. त्यानंतर मी परवान्याचा अर्ज केला. तो अर्ज माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम अर्ज होता, हे मी आजही म्हणतो. परवाना मिळाला, आणि एका निवृत्त अधिकाऱ्याकडून हे रिव्हॉल्व्हर घेतलं. लहान, कोपरीच्या आतल्या खिशात मावेल असं. तू ते तळहातावर तोललंस आणि म्हणालास, "नाजूक हाय. पण जपशीन तर तुह्यापेक्षा जास्त जगीन."

तिथून आपला वाद सुरू झाला, तो पाच वर्षं चालला. मला कडक गोळ्या हव्या होत्या, तांब्याच्या कवचाच्या, जास्त बारुदाच्या. माझं म्हणणं असं की, जीवावर बेतल्यावर माणसाकडे जे असेल ते सर्वात जोरदार असावं. तुझं म्हणणं, साध्या शिशाच्या, हलक्या बारुदाच्या गोळ्याच घाल. "हे गोऱ्हं हाय, याले मालगाडी ओढाले लावू नको गा. कडक गोळी दर वेळी याच्या चौकटीले ताणते. पाचपन्नास बारांत चरखी सैल होईन, घर नळीसमोर येणार नाही, मंग शिसं तुह्याच हातावर उडन." मी म्हणालो, मी पाचपन्नास बार काढणारच नाही, मला एकच काढायचा आहे. तू म्हणालास, "एकासाठीच तर सांगून राहिलो. जो बार निघतो तो चांगला. जोराचा पण न निघणारा काय कामाचा?" घोड्याखालचं घर रिकामं ठेव, चारच भर, म्हणजे खिशातून पडलं तरी उडणार नाही, आणि चाप ओढला की चरखी फिरून भरलेलं घर आपोआप घोड्याखाली येतं, हेही तुझंच. ते मी ऐकलं. साध्या गोळ्याही घातल्या, कारण कडक तू दिल्याच नाहीस, पण वाद सोडला नाही.

तुझी दुसरी हट्टाची गोष्ट म्हणजे दरवर्षी कन्हान नदीच्या पात्रात जाऊन दोन गोळ्या उडवून पाहाव्यात. "खिशात घामानं गोळ्या मरतात, मुन्शी. नागपूरचा उन्हाळा माणसाले सोडत नाही, टोपीले सोडीन काय? दोन मारू, जुन्या बदलून घेऊ." आणि मी दरवेळी नकार दिला. कारण नूतनीकरणाच्या अर्जात मी पहिल्या वर्षापासून एक वाक्य लिहीत आलो होतो: 'अर्जदाराने आजतागायत एकही काडतूस खर्ची घातलेले नाही, यावरून त्याचा शांत व संयमी स्वभाव हुजुरांच्या निदर्शनास येईल.' त्या वाक्यावर माझा फार जीव होता. दोन गोळ्या उडवल्या असत्या तर ते खोटं झालं असतं. उडवलेल्या गोळ्यांची रिकामी पितळी खोकी दाखवून नव्या गोळ्या मिळाल्या असत्या, परवान्यात तशी सोय होती, पण वाक्य गेलं असतं. तू कपाळावर हात मारून घेतलास. "एका ओळीसाठी मराले तयार झालेला माणूस मी पयल्यांदाच पाहून राहिलो."

आणि दसरा. मी लेखणी आणि रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवून पूजा करायचो, दोन्हींना हळदकुंकू वाहायचो आणि वर्षभराची सेवा म्हणून रिव्हॉल्व्हरला जवसाचं तेल पाजायचो. घरात तेच होतं, आणि वडील विळ्या-कुऱ्हाडींना तेच लावत. तू त्या दिवशी सकाळी पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायचास, दुसऱ्या दिवशी मी दुकानात हजर. तू चरखी बाहेर काढून काडीनं हळद उकरायचास. "देव तुह्यावर प्रसन्न होईन तवा होईन, पण हे पयले गुदमरून मरते. जवसाचं तेल वाळून डिंक होते गा. अन् जास्त झालं तर पाझरून टोपीत शिरते. मंग गोळी नुसती पितळाची डबी." हे काम तू तासाभरात करून द्यायचास.

एका वर्षी मात्र तू ते चार दिवस ठेवून घेतलंस.

ते कोणतं वर्ष, हे मला पक्कं आठवतं, आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्याच्या आदल्या आठवड्यात कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक पक्षकार माझ्याशी हुज्जत घालत होता. माझ्या अर्जामुळे त्याचा दावा बुडाला असं चारचौघांत म्हणाला. माझा हात कोपरीत गेला. बाहेर काही काढलं नाही, नुसता गेला. तू समोर बाकावर बसला होतास. तू अर्धा चहा तसाच ठेवून उठलास आणि त्या माणसाला खांद्याला धरून रस्त्यापर्यंत सोडून आलास. मला काही बोलला नाहीस. दसऱ्यानंतर रिव्हॉल्व्हर आणलं, तर म्हणालास, "राहू दे चार दिवस. स्प्रिंग पाहतो." स्प्रिंग पाहायला चार दिवस लागतात का, किसन? मी त्या वेळी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्या टपरीवरची मला शरम वाटत होती.

त्यानंतरच्या वैशाखात मधुकर आला.

हा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. याबद्दल कोणतं कलम लागतं तेही मला पाठ आहे, कारण मी लोकांसाठी तेच लिहितो. मधुकरची परवानगी घेऊनच लिहितो आहे. तो कन्हानला एका कारखान्यात होता. त्याला पाळी बदलून हवी होती, दोन ओळींचा अर्ज पुरला असता. मी सात पानं लिहिली. त्यात वरिष्ठाच्या मनमानीचा, कामगारांच्या मानखंडनेचा आणि न्यायाच्या मूलतत्त्वांचा उल्लेख केला. मधुकर न वाचताच सही करून देऊन आला, कारण त्याचा माझ्यावर भरवसा होता. त्याला कामावरून काढलं. तो भर दुपारी माझ्या घरी आला. घरात दोघंच होतो. सातव्या पानाची नक्कल त्याने माझ्या तोंडासमोर धरली आणि म्हणाला, "भाऊ, तुले लिहिता येते म्हणून तू लिहितो, का दुसऱ्याचं काम व्हावं म्हणून लिहितो? एकदा सांगून टाक." मग त्याने तो कागद फाडला.

मी रिव्हॉल्व्हर काढलं आणि चाप ओढला.

धमकावलं नाही. रोखून थांबलोही नाही. ओढला. खट्ट असा आवाज झाला, पेटीचं झाकण लागतं तसा. मधुकर जागचा हलला नाही. मीही दुसऱ्यांदा ओढला नाही. का नाही ओढला हे मला ठाऊक नाही, आणि त्याचं श्रेय मी घेत नाही. तो माठाकडे गेला, पेलाभर पाणी प्यायला, पेला पालथा घातला आणि दारात वळून म्हणाला, "हे पण तुह्या अर्जावानीच हाय भाऊ. दिसाले भारी, चालत नाही." नंतर दोन वर्षं तो माझ्याकडे आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्यासमोर उभा होतो आणि ओरडत होतो. तुझ्या साध्या गोळीनं दगा दिला, जीवाशी खेळ झाला, असं बोलत होतो. तू शांतपणे विचारलंस, "कोणावर चालवली?"

मी म्हटलं, "कुत्र्यावर. पिसाळलेलं होतं."

"वाचला ना कुत्रा?"

"वाचला."

"मंग झालं तर." तू ती गोळी घेतलीस, पकडीनं शिसं उपटलंस आणि बारूद कागदावर ओतलीस. ती तेलकट होती, ढेकूळ झालं होतं. "पाह्य. जवस प्यायली." तुझं म्हणणं सिद्ध झालं, आणि माझी नजर त्या ढेकळावरच राहिली. रिकामं पितळी खोकं तू खिशात टाकलंस. त्या खोक्याच्या बुडाला टोपीवर चोचीचा खड्डा पडला होता की नाही, हे मी पाहिलं नाही. एवढंच पाहिलं असतं तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. खड्डा असता तर चोच तेव्हा शाबूत होती, गोळी माझ्या तेलानं मेली, आणि तू नंतर कधीतरी कानस चालवलीस. खड्डा नसता तर चोच आधीच कापलेली होती आणि बारूद कोरडी असती तरी काही झालं नसतं. पंचवीस वर्षे मी साक्षी-पुरावे मांडतो आहे, आणि माझ्या स्वतःच्या प्रकरणात मुख्य पुराव्याकडे मी बघितलं नाही.

त्याच दिवशी मी हट्ट धरला की आता कडकच गोळ्या हव्यात. पाच वर्षं ज्यासाठी तू माझ्याशी भांडलास, त्यावर तू लगेच म्हणालास, "घे गा, कडक घे." मी विजयी मुद्रेने घरी गेलो. वाद मी जिंकला असं मी सात वर्षं समजत होतो. आता वाटतं, तुला फरकच पडणार नव्हता. न उडणाऱ्या हत्यारात कोणतीही गोळी चालते, चौकट सैल व्हायची भीती नाही. आणि त्यानंतर तू मला कन्हानच्या पात्रात चल असं एकदाही म्हणाला नाहीस. या दोन गोष्टी पाहिल्या की वाटतं, त्या दिवशीच मनाशी ठरवलंस आणि नंतर केलंस. ते चार दिवस आणि टपरीवरचा अर्धा चहा पाहिला की वाटतं, आधी केलंस. मग आठवतं की त्या चार दिवसांनंतरही, संक्रांतीच्या सुमारास, तू एकदा म्हणाला होतास, चल दोन मारून पाहू. चोच कापलेली असताना कुणी असं म्हणेल काय? की मी नाहीच म्हणणार हे माहीत होतं, म्हणून म्हणालास? मी एका बाजूला कौल देतो आणि दुसरी बाजू उठून उभी राहते.

तुझ्यावर माझा राग आहे, हे नमूद करतो. धमक्या खऱ्या होत्या. चार वर्षांपूर्वी नंदनवनच्या नाल्यापाशी तिघांनी माझी सायकल अडवली होती. मी उतरलो, हात कोपरीत घातला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहत उभा राहिलो. ते बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी मी तुला फुशारकीनं सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, "बरं झालं बाहेर नाही काढलं." त्या क्षणी माझ्या खिशात अर्धा शेर लोखंड होतं, आणि हे फक्त तुला ठाऊक होतं. ते सरकले नसते तर? आपल्या मित्राला असं रिकाम्या हाताने सोडून देण्याचा अधिकार तुला कुणी दिला होता? आणि राग पूर्ण लिहून होत नाही तोच मला मधुकर दिसतो, पेला पालथा घालताना.

मी मधुकरकडे गेलो. तो आता कन्हानला सायकलींचं दुकान चालवतो, आमचं बोलणं आहे. तुला निरोप द्यायला तो माझ्याआधी पोचला होता आणि तुला खांदा देणाऱ्यांत होता. मी त्याला विचारलं, "तू किसनला सांगितलं होतंस काय?"

"काय?"

"त्या दुपारचं."

तो चाकाच्या तारा ताणत होता, थांबला नाही. "मी नाही सांगतलं. त्यानं इचारलं बी नाही. पण त्याले माहीत असन. मी कुठं भेटलो तर पयले मले वरून खाली पाहे, जसं काही मोजून राहिला. मंग म्हणे, 'बरा हायेस ना गा?' दरवेळी तेच."

"कधीपासून असं विचारायचा? आधीपासून की नंतर?"

मधुकरने तेव्हा हात थांबवला. "भाऊ, मी जिता हाय. तुले तारीख काहून पाह्यजे?"

त्याचं उत्तर त्याला नाही, तुला देतो. तारीख पाहिजे, कारण दोन्हींत मी वेगवेगळा माणूस ठरतो. तू नंतर कानस चालवली असशील, तर त्या दुपारपर्यंत तुझा माझ्यावर विश्वास होता. त्या पक्षकारासमोर माझा हात कोपरीत गेला तेही तू माफ केलंस. मग मधुकर केवळ माझ्या गचाळ तेलामुळे वाचला, त्यात तुझा, माझा, कुणाचाच हात नाही. तेल जरा कमी पडलं असतं तर मी आज भावाचा मारेकरी असतो. हा विचार आला की मी रस्त्यात थांबतो, आणि मागची सायकल घंटी वाजवते. आणि आधी चालवली असशील, तर मधुकरला तू वाचवलंस, समजून उमजून. पण मग तू मला ओळखलं होतंस. हा माणूस एक दिवस आपल्याच कुणावर चाप ओढील, हे तू माझ्याआधी वाचलंस, आणि तरी दर दसऱ्याला काडीनं हळद उकरत माझ्याशी हसत बोललास. तोंडावर एकदा म्हणाला असतास तर? मी तुझ्याशी बोलणं सोडलं असतं, हे खरं. आणि मी तुझ्याशी खोटं बोललो, कुत्र्यावर म्हणालो, हेही खरं. तेव्हा कोण कुणाला काय बोलला नाही, याची यादी करायला बसलो तर माझंच पान आधी भरतं.

शेख मिस्त्री विचारत आहेत, "नई चोंच बना दूँ? दो दिन का काम है." रिव्हॉल्व्हर त्यांच्या कपाटात आहे. नूतनीकरणाची मुदत जवळ आली आहे, आणि अर्जात हत्यार चालू स्थितीत असल्याचं लिहावं लागतं. मी अजून त्यांना हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही.

सबब, प्रार्थना अशी की:

चोच तू आधी घासलीस की नंतर, हे अर्जदारास एका शब्दात कळवावे. कारणे देण्याची गरज नाही. तू कारणे कधी देतही नव्हतास.

उत्तर येणार नाही हे अर्जदार जाणतो. कचेरीत रिवाज आहे की वाजवी मुदतीत उत्तर न आल्यास अर्जदाराने एक बाजू गृहीत धरून पुढे चालावे. त्यानुसार कळवण्यात येते की, उत्तर न आल्यास तू आधीच घासलीस असे मी धरून चालेन. त्यात माझ्याबद्दलचे तुझे मत काय होते तेही आले, आणि ते मला मान्य आहे. मात्र भावाचा जीव तेलावर सोडून मी उरलेलं आयुष्य काढू शकत नाही. तो कुणाच्या तरी हातात होता, एवढा आधार मला लागतो. तो हात तुझा असावा.

शेख मिस्त्रींना उद्या सकाळी 'बनवू नका' असे सांगतो, आणि परवाना परत करण्याचा अर्ज स्वतः लिहितो. तो चार ओळींत बसवण्याचा प्रयत्न करीन.

तू नंतर घासली असशील तर मात्र, मेहेरबानी करून, कळवू नकोस.

आपला,
दत्तात्रय बापूराव ढोबळे
अर्जनवीस